नामिबिया: देश सुटला १९९० ला, बंदर सुटलं १९९४ ला

खारेवारे

राम राम मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होतो. आज २१ मार्च, इथे सुट्टी, आणि बाहेर हात पुढे केला तर बोटं दिसणार नाहीत असं धुकं. म्हटलं धागाच काढू.

मी गेली तीन वर्षं नामिबियातल्या वॉल्विस बे या गावात आहे. काम जहाजदुरुस्तीचं. मूळचा रत्नागिरीचा, म्हणजे समुद्राचं मला नवल नाही. पण इथला किनारा बघितल्यावर आठ दिवस कुणाशी नीट बोललो नाही. माड नाही, सुरू नाही, खाजण नाही, हिरवं म्हणून औषधाला नाही. वाळूचा डोंगर उभाच्या उभा लाटांत उतरतो. एका बाजूला ॲटलांटिक, दुसऱ्या बाजूला वाळवंट, आणि दोघांच्या मध्ये भरतीला शिल्लक राहीलच असं नाही इतकी पट्टी. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. इथे किनाऱ्यावर वीस मिलिमीटरही पडत नाही. छत्री विकत घ्यायला गेलो तर दुकानदार बाई हसली.

मजा अशी की हे गाव विषुववृत्तापासून भोपाळइतकंच लांब आहे. भोपाळ कर्कवृत्तावर, हे मकरवृत्ताच्या थोडं अलीकडे. तरी डिसेंबरच्या उन्हाळ्यात संध्याकाळी स्वेटर लागतो आणि पाण्यात पाय घातला तर घोट्यापासून बधिर.

आता सुट्टीबद्दल. २१ मार्च १९९० ला मध्यरात्र उलटल्यावर राजधानी विंडहुकच्या स्टेडियमवर दक्षिण आफ्रिकेचा झेंडा उतरला आणि निळा-लाल-हिरवा, बारा किरणांच्या सूर्याचा झेंडा चढला. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस पेरेझ द कुएयार यांनी सॅम नुजोमा यांना पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ दिली. समोर दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष डी क्लार्क बसले होते. तारीखही मुद्दाम निवडलेली: १९६० साली याच दिवशी दक्षिण आफ्रिकेतल्या शार्पव्हिलला पोलिसांनी ६९ माणसं मारली होती.

हे सगळं विकिपीडियावर सापडेल. माझ्या गावाचं मात्र वेगळंच. त्या मध्यरात्री वॉल्विस बेवरचा झेंडा उतरलाच नाही! अख्ख्या देशाचं एकमेव खोल पाण्याचं मोठं बंदर दक्षिण आफ्रिकेने स्वतःकडे ठेवलं, आणि किनाऱ्याजवळची बारा छोटी बेटंही. आपल्याकडे १५ ऑगस्टला देश दिला पण मुंबई बंदर इंग्रजांनी ठेवून घेतलं असं समजा. ते इथे झालं. गाव नामिबियात आलं १ मार्च १९९४ ला.

माझ्यासोबत यार्डात एक वयस्क फिटर आहेत. ओवाम्बो जमातीचे आहेत. इथे मोठ्या माणसाला 'ताते' म्हणतात, म्हणजे बाबा, बाईमाणसाला 'मेमे'. तर आमचे ताते तेव्हा कुइसेबमोंडला राहायचे. ती इथली काळ्या मजुरांची वस्ती. १९९० च्या त्या रात्री रेडिओला कान लावून सगळी वस्ती जागी होती. गाणी झाली, रडणं झालं. सकाळी सात वाजता भोंगा झाला आणि सगळे मासळीच्या कारखान्यात कामावर गेले. वाटेत कचेरीवर जुनाच झेंडा. ताते म्हणतात, 'आम्ही लग्नाला गेलो होतो, पण नवरदेव दुसऱ्याच गल्लीतला.'

फोटो संध्याकाळी टाकतो. धुकं हटलं तर.

टवाळ_भिडू

फोटो नाहीत तर धागा नाही. नियम आहे. बाकी लेखन आवडलं, पुढील लेखनाला शुभेच्छा.

सानिका_कोथरूड

मस्त! मला नामिबिया म्हणजे कुनोचे चित्ते एवढंच ठाऊक. सप्टेंबर २०२२ मध्ये आठ आणले होते ना? देश केवढा आहे? गर्दी किती?

खारेवारे

@सानिका, हो, तेच चित्ते. इथे मी भारतातला म्हटलं की टॅक्सीवाले अजून विचारतात, आमचे चित्ते बरे आहेत का. सासरी गेलेल्या मुलीची चौकशी करावी तसं.

देश सव्वाआठ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे पावणेतीन महाराष्ट्र. माणसं २०२३ च्या जनगणनेत तीस लाख. पुण्याहून कमी. रस्त्याने दीड तास गाडी हाकली आणि समोरून एक ट्रक आला तर आपण हात हलवतो, तोही हलवतो.

अप्पाकाका_नाशिक

छान विषय काढलास रे. आमची पिढी हे नाव 'नैऋत्य आफ्रिका' म्हणून शिकली. नामिबिया हे नाव संयुक्त राष्ट्रांनी १९६८ साली स्वीकारलं, ते नामिब वाळवंटावरून.

दोन गोष्टी घालतो. नामिबियाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत पहिल्यांदा उचलणाऱ्यांत आपण होतो, १९४६ साली. आपलं स्वातंत्र्य अजून यायचं होतं तेव्हा! पुढे संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणूक घ्यायचा १९७८ चा ठराव क्रमांक ४३५ आला. तो अमलात यायला अकरा वर्षं गेली, कारण मध्ये शेजारच्या अंगोलाचं युद्ध आणि क्युबाचं सैन्य. डिसेंबर १९८८ मध्ये न्यूयॉर्कला अंगोला, क्युबा आणि दक्षिण आफ्रिका या तिघांचा करार झाला तेव्हा गाडं हललं. नोव्हेंबर १९८९ मध्ये निवडणूक झाली आणि ७२ पैकी ४१ जागा नुजोमांच्या स्वापो पक्षाला. त्या निवडणुकीच्या काळात तिथे जे संयुक्त राष्ट्रांचं सैन्य होतं त्याचे सेनापती आपले लेफ्टनंट जनरल दिवाण प्रेमचंद. आपल्याकडे हे नाव कुणाच्या तोंडी नाही. सोहळ्याला पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंग गेले होते, आणि विरोधी बाकावरचे राजीव गांधीही सोबत होते. हल्ली असं होतं का, हा वेगळा धागा.

टवाळ_भिडू

अप्पा, तो वेगळा धागा कृपया काढू नका. मागच्याला कुलूप लागायला चारशे प्रतिसाद लागले होते.

मांडवीकर

खारेवारे, तुमचा धागा वाचून पणजीत बसलेला मी ताठ झालो. हे आमचंच की हो. देश १९४७ चा, आम्ही १९ डिसेंबर १९६१ चे. माझे आजोबा सावंतवाडीला मुलीकडे जायचे तर कागदपत्रं घेऊन पत्रादेवीच्या हद्दीवर उभे राहायचे. पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या ते तुम्हाला माहीत असेलच. चौदा वर्षं आम्ही शेजारच्यांचा स्वातंत्र्यदिन रेडिओवर ऐकला. तुमच्या तात्यांना माझा नमस्कार सांगा.

खारेवारे

@मांडवीकर, ताते हो, तात्या नव्हे. पण तात्यांनाही चालेल, ते खूश होतील.

हद्दीचं म्हणाल तर इथली हद्द होती स्वाकोप नदी. नदी म्हणायची आपली. बहुतेक वर्षं पाणी समुद्रापर्यंत पोचतच नाही, वाळूचा पट्टा असतो. पलीकडे स्वाकोपमुंड, अलीकडे वॉल्विस बे, अंतर तीस-पस्तीस किलोमीटर. घर एका देशात, काम दुसऱ्या देशात, मध्ये कोरडी नदी.

पिंपळपान

गोव्याची तुलना मला पूर्ण पटत नाही. गोव्यात साडेचारशे वर्षं एक वेगळी सत्ता, वेगळा कायदा, वेगळं समाजजीवन होतं. वॉल्विस बे हे निव्वळ बंदरासाठी कापलेलं ठिगळ. इंग्रजांनी १८७८ साली ते घेतलं, नंतर केप वसाहतीला जोडलं. जर्मन १८८४ ला आले तेव्हा चांगलं बंदर आधीच गेलेलं. त्यानंतरचं बघा: १९२२ पासून दक्षिण आफ्रिकेनेच ते नैऋत्य आफ्रिकेचा भाग म्हणून चालवलं, आणि १९७७ मध्ये, स्वातंत्र्य जवळ येतंय म्हटल्यावर, परत केप प्रांतात ओढलं. म्हणजे इतिहासाचा वारसा वगैरे काही नाही, कागदाचा खेळ. १९७८ ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ४३२ करून ते नामिबियाचंच आहे असं म्हटलं, तरी उपयोग नाही.

मांडवीकर

पिंपळपान, तुमचा कागद बरोबर आहे. मी रांगेत उभ्या राहिलेल्या आजोबांबद्दल बोलत होतो.

पिंपळपान

मान्य.

खारेवारे

दोघेही थांबा, चहा घ्या. पिंपळपान म्हणतात ते ठिगळाचं अगदी खरं, आणि त्यातून एक गंमत झाली. बंदर इंग्रजांकडे, म्हणून जर्मनांनी हट्टाने स्वाकोपमुंड वसवलं आणि तिथे धक्का बांधला. १९०३ ला दगडी धक्का तयार झाला आणि दोन-तीन वर्षांत वाळूने भरून गेला. या किनाऱ्यावर समुद्राशी हट्ट चालत नाही. आज त्या धक्क्यावर लोक उन्हं खात बसतात.

दगडधोंडे

पेशाने भूशास्त्राचा मास्तर, त्यामुळे तोंड घालतो. विद्यार्थी सहसा म्हणतात की ही वाळू आतल्या कलहारी वाळवंटातून वाऱ्याने येते. उलट आहे. वाळू समुद्राकडून आत जाते.

प्रवास असा. लेसोथोच्या डोंगरांतून ऑरेंज नदी निघते, पश्चिमेला वाहत येऊन नामिबियाच्या दक्षिण टोकाला समुद्राला मिळते आणि गाळ ओतते. नैऋत्येकडून येणाऱ्या लाटा तो गाळ किनाऱ्याला घासत उत्तरेला सरकवतात. लाट वाळू किनाऱ्यावर टाकते, वारा ती उचलून आत नेतो, टेकड्या होतात. म्हणून किनाऱ्याजवळच्या टेकड्या फिक्या आणि आत सोसुसफ्लेईकडे तांबड्या: जितकं आत जावं तितकी वाळू जुनी, आणि कणांवर लोहाचा गंज चढलेला. हिरेही याच वाटेने आले. नदीने आणले, समुद्राने घोटले, कच्चे-तडकलेले वाटेत फुटून गेले. म्हणून त्या किनाऱ्याचे हिरे दर्जेदार.

आणि खारेवारे, तुमच्याकडे कुइसेब नदी आहे ना? नकाशा उघडून बघा मंडळी. तिच्या दक्षिणेला वाळूचा समुद्र, उत्तरेला सपाट खडीचं मैदान. सुरीने कापल्यासारखं. नदी क्वचितच वाहते, पण वाहते तेव्हा पुढे सरकलेली वाळू धुऊन नेते. एवढ्याशा नदीने एवढं वाळवंट अडवलंय. फक्त मुखाजवळ तिची ताकद संपते, तिथून टेकड्यांची एक पट्टी निसटून पुढे स्वाकोपमुंडपर्यंत गेली आहे.

सानिका_कोथरूड

वा! आणि धुकं? इतका समुद्र जवळ असून पाऊस का नाही?

दगडधोंडे

बेंग्वेला प्रवाह. दक्षिणेकडून थंड पाणी येतं. शिवाय किनाऱ्याला समांतर वाहणारा वारा वरचं पाणी बाहेर ढकलतो आणि त्याची जागा घ्यायला तळाचं गार पाणी वर येतं. त्यामुळे समुद्राजवळची हवा थंड, आणि तिच्यावर उष्ण हवेचं झाकण. आपल्याकडे तापलेली दमट हवा वर चढते आणि ढग फुटतात. तिथे ती चढूच शकत नाही. झाकणाखाली धुकं साचतं आणि आत पन्नास-साठ किलोमीटर सरकतं. हे असं लाखो वर्षं चाललंय. नामिब जगातल्या सर्वांत जुन्या वाळवंटांपैकी आहे. युनेस्कोने २०१३ मध्ये नामिब वाळूसागर जागतिक वारसा केला, त्यामागे हे धुकंही एक कारण.

तळाचं पाणी वर येताना खतही वर आणतं, म्हणून मासळी भरपूर. वर वाळवंट, खाली सुकाळ.

खारेवारे

मास्तर, वाकून नमस्कार. तीन वर्षं मी लोकांना कलहारी सांगत होतो.

धुक्यावर जगणारे किडेही आहेत. एक काळा भुंगा पहाटे टेकडीच्या माथ्यावर जाऊन शीर्षासन करतो. पाठीवर धुकं जमतं, थेंब होऊन तोंडापर्यंत ओघळतो. झालं पाणी. आणि वेल्विचिया! दोनच पानं, जन्मभर तीच वाढत राहतात, वाऱ्याने फाटून चिंध्या होतात. काही झाडं हजार वर्षांच्या वरची मानतात. दिसायला म्हणाल तर कुणीतरी केळीची पानं जेवणावळीनंतर फेकून दिलीत असं. पण इथे ते राजचिन्हावर आहे.

मासळीबद्दल: वर वाळवंट-खाली सुकाळ ठीक, पण त्याची किंमत आहे. तळाशी इतकं काही कुजतं की अधूनमधून गंधकाचा वायू उसळून वर येतो. पाणी दुधाळ हिरवट होतं, मासे मरून किनाऱ्याला लागतात आणि गावभर सडक्या अंड्याचा वास. चांदीच्या वस्तू काळ्या पडतात. पहिल्यांदा वास आला तेव्हा मी गॅस सिलेंडर तपासत बसलो होतो.

बांगडाप्रेमी

मुद्द्यावर या. मासे कुठले?

खारेवारे

वाटच बघत होतो. हेक, काबेल्यू, स्नूक, आणि गरिबाघरचा मासबांकर. इंग्रजीत त्याला घोड्याचा बांगडा म्हणतात पण तो खरा बांगडा नव्हे, बाजूने खरखरीत खवल्यांची ओळ असते ती आधी तासून काढावी लागते. घरून आणलेली तिरफळं घालून केला. बरा लागतो. आपल्या बांगड्याला जी चरबी असते ती नाही. इथले लोक त्याला वाळवतात, भाजतात. पण सुट्टीच्या दिवशी मासा नाही, मांसच. 'ब्राई' म्हणतात, म्हणजे लाकडावर जाळ करून मांस भाजणं. आज इथल्या उथळ खाडीच्या, लगूनच्या काठाने जिकडेतिकडे धूर आहे. मागे रोहित पक्ष्यांची रांग, पुढे सॉसेज.

वैशाली_एम

खूप माहितीपूर्ण. पण एक खटकलं म्हणून लिहिते. स्वाकोपमुंडचे व्हिडिओ बघते तेव्हा सगळे 'किती गोड जर्मन गाव' म्हणत फिरतात. १९०४ ते १९०८ मध्ये जर्मनांनी हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला. हेरेरोंना वाळवंटात हाकललं, पाण्याच्या जागा अडवल्या. सुमारे ऐंशी हजारांपैकी बहुतेक मेले असा अंदाज आहे, आणि नामांपैकी निम्मे. जे उरले ते छावण्यांत. दक्षिणेकडच्या ल्युडेरिट्झ गावाच्या शार्क बेटावर छावणी होती, गार वारा, अंगावर कपडे नाहीत. त्या बेटावर पर्यटक तंबू ठोकून राहतात. या किनाऱ्याच्या सौंदर्याबद्दल बोलताना हे सुटू नये.

खारेवारे

वैशालीताई, बरोबर आहे, मी टाळलं होतं. सणाच्या दिवशी नको म्हणून. स्वाकोपमुंडलाही छावणी होती. गावाच्या कडेला, छान निगा राखलेल्या जर्मन कबरस्तानाला लागून वाळूचे उंचवटे आहेत, शेकडो, नावं नाहीत. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला त्या लहान टेकड्याच वाटल्या. मग सोबतच्या हेरेरो ड्रायव्हरने गाडी थांबवली.

जर्मनीने २०२१ मध्ये हा वंशसंहार होता असं मान्य केलं आणि तीस वर्षांत एक अब्ज दहा कोटी युरो द्यायचं म्हटलं. 'भरपाई' हा शब्द वापरला नाही, आणि बोलणी सरकारशी झाली, आमच्याशी नाही, म्हणून हेरेरो आणि नामा संघटना नाराज आहेत. २०२५ पासून २८ मे हा संहाराचा स्मरणदिन म्हणून सुट्टी झाली आहे.

अप्पाकाका_नाशिक

वैशाली, चांगलं केलंस. विंडहुकच्या कातुतुरा वस्तीचंही कुणीतरी लिहा. नावाचाच अर्थ 'जिथे आम्हाला राहायचं नाही ती जागा' असा सांगतात. जुन्या वस्तीतून लोकांना हलवायला निघाले, तेव्हा १० डिसेंबर १९५९ ला गोळीबार झाला.

मांडवीकर

अवांतर: केप क्रॉस तुमच्यापासून किती लांब? तिथे पोर्तुगीज दर्यावर्दी दियोगो कांव याने १४८६ साली रोवलेला दगडी क्रूस होता ना? तो दगड म्हणजे आमच्या गोष्टीचं पहिलं पान. बारा वर्षांनी वास्को कालिकतला, चोवीस वर्षांनी आल्बुकर्क गोव्यात.

खारेवारे

@मांडवीकर, दीडशे-एक किलोमीटर उत्तरेला. शेवटचा टप्पा मिठाचा रस्ता आहे: डांबर नाही, खारं पाणी आणि माती दाबून केलेला. कोरडा असला तर डांबराहून गुळगुळीत. धुक्याने ओला झाला की साबण. मूळ क्रूस जर्मनांनी १८९३ ला उचलून नेला होता, बर्लिनच्या संग्रहालयाने २०१९ मध्ये परत द्यायचं जाहीर केलं. जागेवर नक्कल उभी आहे. आणि भोवती लाखभर सील. त्यांचा आवाज शेळ्यांच्या बाजारासारखा, वास मात्र कशासारखाही नाही. मी क्रूस पाहिला तो नाकाला रुमाल लावून. तुमच्या गोष्टीच्या पहिल्या पानाला हा वास आहे एवढं सांगून ठेवतो.

टवाळ_भिडू

पाचशे वर्षांनी समजलं ते पुढे का पळाले.

दारुखाना_एक्सप्रेस

कंकाल किनाऱ्यावरच्या फुटक्या जहाजांबद्दल कुणीच का बोलत नाही? स्केलेटन कोस्ट!

खारेवारे

बोलतो. उत्तरेकडच्या किनाऱ्याला हे नाव. आधी देवमाशांच्या आणि सीलच्या हाडांवरून, मग जहाजांवरून. धुकं, आडवा प्रवाह, सरकते वाळूचे दांडे. आणि वाचून किनाऱ्याला लागलात तरी पुढे शेकडो किलोमीटर पाणी नाही, ही खरी भीती.

एदुआर्ड बोहलेन नावाचं जहाज १९०९ ला धुक्यात लागलं, आमच्या दक्षिणेला. आज ते पाण्यापासून चारेकशे मीटर आत आहे. जहाज हललं नाही, किनारा सरकला. वाळूत रुतलेलं जहाज, डेकवर कोल्हे.

आणि तुमच्या आयडीला शोभेल अशी एक. हेंटिस बे गावाच्या जवळ झेइला नावाचं मासेमारी जहाज किनाऱ्याला लागून उभं आहे. ऑगस्ट २००८ मधली गोष्ट. ते भंगारात विकलं होतं, भारतीय खरेदीदाराला. ओढून नेताना दोर तुटला आणि ते इथेच अडकलं. निघालं होतं मुंबईला! आता त्यावर पाणकावळे बसतात.

दारुखाना_एक्सप्रेस

काय सांगता! म्हणजे आमच्या मुंबईच्या दारुखान्यात, जिथे जहाजं तोडतात, तुकडे व्हायचे ते वाचलं म्हणायचं. आमच्याकडे आलं असतं तर त्याच्या खिडक्या आत्तापर्यंत कुठल्यातरी हॉटेलात लागल्या असत्या.

सानिका_कोथरूड

नवऱ्याला वाचून दाखवलं, तो तिकिटं बघतोय. कुठला महिना? वाळू समुद्रात उतरते ती नेमकी जागा कुठली? स्वतः गाडी चालवत जाता येईल?

खारेवारे

सँडविच हार्बर. आमच्या गावाच्या दक्षिणेला, पन्नासेक किलोमीटर. स्वतः गाडी नेऊ नका, हात जोडून सांगतो. ओहोटीच्या वेळात पट्टीवरून जायचं आणि भरतीच्या आत परतायचं, एका बाजूला टेकडी असल्यामुळे पळायला जागा नसते. दरवर्षी कुणाची ना कुणाची भाड्याची गाडी मीठ खाते. स्थानिक चालक घ्या, ते चाकांतली हवा कमी करून जातात.

महिना: मे ते ऑगस्ट आत थंडी आणि प्राणी बघायला उत्तम. पण किनाऱ्यावर याच दिवसांत पूर्वेचा वारा सुटतो. एरवी गार असलेलं गाव एका दुपारीत भट्टी होतं आणि वाळू आडवी उडते. पार्क केलेल्या गाडीचा रंग वाळूकागदाने घासल्यासारखा जातो, काच आंधळी होते. माझ्या गाडीची एक बाजू निळी आहे, एक बाजू साधारण निळी होती. व्हिसाचे नियम दूतावासाच्या संकेतस्थळावरच बघा, माझ्या भरवशावर नको.

आणखी एक. २०१० मध्ये डोरोब राष्ट्रीय उद्यान जाहीर झाल्यापासून किनाऱ्यावरची मोजकी गावं सोडली तर ऑरेंज नदीपासून अंगोलापर्यंत जवळपास सगळा किनारा संरक्षित आहे, पंधराशे किलोमीटर. पर्यावरण जपायचं कलम यांच्या १९९० च्या घटनेतच आहे.

पिंपळपान

संरक्षित खरं, पण २०२२ मध्ये दक्षिणेच्या समुद्रात तेल सापडलंय. पुढच्या दहा वर्षांत ते कलम किती टिकतं बघू. हिऱ्यांसाठी याच किनाऱ्याचा सव्वीस हजार चौरस किलोमीटरचा तुकडा १९०८ पासून शंभर वर्षं माणसांना बंद होता. गंमत म्हणजे त्यामुळेच तो वाचला.

वैशाली_एम

ते हिरे पहिल्यांदा सापडले झकारियास लेवाला नावाच्या रेल्वे कामगाराला, रुळावरची वाळू उपसताना. त्याने मुकादमाला दाखवले. पुढे कोलमान्सकोप गाव श्रीमंत झालं, बर्फाचा कारखाना काय, नाट्यगृह काय. १९५६ ला ओसाड पडलं. आता घरांत गुडघाभर वाळू. लेवालाच्या नावाचं तिथे काय आहे हो?

खारेवारे

मी अजून तिकडे गेलेलो नाही ताई. गेलो की बघतो.

अप्पाकाका_नाशिक

खारेवारे, एक राहिलं. २०२५ च्या २१ मार्चला नवीन राष्ट्राध्यक्ष बाईंचा शपथविधी होता ना? तो तर पावसाने धुतला असं वाचलं होतं!

खारेवारे

हो! नेतुम्बो नंदी-नदाइत्वा, देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. शपथविधी विंडहुकच्या स्टेडियमवर ठरला होता. इतका पाऊस आला की ऐनवेळी राष्ट्राध्यक्ष भवनात हलवावा लागला. त्याच्या जेमतेम दीड महिना आधी, ८ फेब्रुवारीला, नुजोमा ९५ व्या वर्षी गेले होते. आमच्या यार्डात सगळ्यांचं एकच म्हणणं, म्हातारबाबांनी पाऊस पाठवला. इथे पाऊस म्हणजे आशीर्वाद. मी रत्नागिरीचा माणूस, पावसाने कार्यक्रम बुडाला की शिव्या देणारा. मी गप्प बसलो. अर्थात पाऊस विंडहुकला, आमच्याकडे नेहमीचं धुकं.

मांडवीकर

तुमच्या तातेंना एक विचाराल? त्यांना २१ मार्च मोठा वाटतो की १ मार्च? आमच्याकडे याच प्रश्नावरून घराघरात दोन तट पडतात.

टवाळ_भिडू

आणि फोटो.

खारेवारे

@टवाळ, धुकं हटलं नाही. एक फोटो टाकला आहे, पांढरा चौकोन दिसेल, तो सँडविच हार्बरकडे तोंड करून काढला आहे.

@मांडवीकर, आत्ता लगूनवरूनच येतोय. ताते तिथेच होते, नातवंडांसकट, डोक्यावर झेंड्याच्या रंगाची टोपी. विचारलं. त्यांनी विस्तवाकडे बघत बराच वेळ घेतला. मग म्हणाले, 'भरपगारी सुट्टी २१ ला असते,' आणि सॉसेज उलटायला लागले.